दोन कार्ब्युरेटर, एक इंजिन: घरी जुळवलेल्या राजदूत 350चं ट्यूनिंग

घरी जुळवलेल्या गाडीचे दोन कार्ब्युरेटर सहसा जोडीचे नसतात. फ्रेम एकाची, इंजिन दुसऱ्याचं, एक कार्ब्युरेटर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातला आणि दुसरा कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेला. दोन्हींवर मिकुनी या जपानी कंपनीचं नाव लिहिलेलं असतं, दोन्ही बाहेरून सारखे दिसतात. नवखा माणूस ते तसेच बसवतो आणि स्क्रू पिळत बसतो. डावा सिलेंडर धूर ओकतो, उजवा मिस मारतो, आणि शेवटी ‘हिचं ट्यूनिंग होतच नाही’ असा निकाल लागतो. ट्यूनिंग होतं. पण त्यातलं तीन चतुर्थांश काम स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीचं आहे, आणि ते सगळं डावं-उजवं सारखं करण्याचं आहे.

इथे उदाहरण राजदूत 350चं घेतलं आहे. यामाहाच्या आरडी 350वर बेतलेली ही गाडी एस्कॉर्ट्सने 1983 साली आपल्याकडे आणली. 347 सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, आणि प्रत्येक सिलेंडरला स्वतःचा मिकुनी. आधीचं हाय टॉर्क मॉडेल साडेतीस हॉर्सपॉवरचं, नंतरचं लो टॉर्क सत्तावीसचं. दोघांचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे) सारखे नाहीत, त्यामुळे आपल्याकडे नक्की कुठलं इंजिन आहे ते आधी ठरवा आणि त्याचंच मॅन्युअल मिळवा. येझदीवाल्यांनी दोन कार्ब्युरेटर जुळवण्याचा भाग, आणि बुलेटवाल्यांनी टू-स्ट्रोकचाही भाग सोडून बाकीचं वाचलं तरी चालेल.

आधी कार्ब्युरेटर निर्दोष धरा

गाडी नीट चालत नसली की पहिला आळ कार्ब्युरेटरवर येतो. बहुतेक वेळा चोर दुसराच असतो.

कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून किक मारा. दोन्ही सिलेंडरच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर बोअर-पिस्टनचं काम आधी करावं लागेल. तो फरक कुठलाही जेट भरून काढत नाही.

मग पॉइंट, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारे संपर्क. दोन सिलेंडरना दोन स्वतंत्र पॉइंट आहेत. फट 0.3 ते 0.4 मिमी ठेवा आणि टाइमिंग प्रत्येक सिलेंडरचं वेगळं, पिस्टनची जागा मोजणारं डायल गेज लावून बघा. एका बाजूचं टाइमिंग मागे राहिलं तर तो सिलेंडर हुबेहूब रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असल्यासारखा वागतो आणि तुम्ही तासभर भलताच स्क्रू फिरवत राहता.

टू-स्ट्रोकमध्ये सगळ्यात घातक म्हणजे हवेची गळती. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर, रीड ब्लॉकचं (हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपेचं) पॅकिंग, आणि क्रँकची दोन टोकांची सील, ही तिची ठिकाणं. रबर हाताने वाकवून उजेडात धरा, बारीक चिरा दिसतील. चालू इंजिनवर या सांध्यांभोवती डब्ल्यूडी-40चा छोटा फवारा मारला आणि आवाज बदलला, तर हवा तिथूनच आत जाते आहे. फवारा गरम सायलेन्सरकडे जाऊ देऊ नका. क्रँकची सील अशी कळत नाहीत. उजव्या बाजूला क्लच आहे, त्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. डाव्या, पॉइंटच्या बाजूचं गेलं तर धूर नसतो, फक्त कोरडी हवा आत जाते. त्यातूनच पिस्टन जाम होतो. इंजिन नव्याने बांधलेलं असेल तर इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून 6 पीएसआय हवा भरा आणि ती सहा मिनिटं टिकते का बघा. हे करायला कंटाळा येतो. नवं पिस्टन, नवं बोअरिंग आणि पुन्हा पॅकिंग सेट यांचा हिशेब आठवला की कंटाळा जातो.

खोला, धुवा, आणि शेजारी शेजारी मांडा

हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर मीटर रूमपासून लांब बसा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. शेजारी आग विझवायचा सिलेंडर असू द्या. सेक्रेटरी काकांची बोलणी तशीही खावी लागणार आहेत, निदान ती आवाजाबद्दल असावीत.

दोन ट्रे घ्या, एकावर ‘डावा’ आणि दुसऱ्यावर ‘उजवा’ लिहा, आणि सुटे भाग एकमेकांत मिसळू देऊ नका. जेट कार्ब क्लीनरने धुवा, मग टायरवाल्याकडच्या हवेने फुंकून घ्या. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक वाढतं, आणि जेटवरचा नंबर त्यानंतर खोटा ठरतो. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे पडलेले कार्ब्युरेटर आतून पांढरट भुकटीने भरलेले असतात. ती भुकटी बॉडीतल्या अरुंद वाटांमध्ये अडकते, म्हणून प्रत्येक वाटेत हवा मारून ती दुसऱ्या टोकाने बाहेर येते की नाही ते बोटाने तपासा. मूठ सोडलेली असताना, म्हणजे आयडलिंगला, पेट्रोल देणारा जो पायलट जेट, त्याची वाट तर दोनदा.

आता खरं काम. दोन्ही ट्रेमधले भाग जोडीने बघा आणि नंबर वहीत लिहा: मेन जेट (पूर्ण मूठ दिल्यावरचा), पायलट जेट, नीडलवर (स्लाइडला लटकणाऱ्या निमुळत्या सुईवर) कोरलेला नंबर, तिची क्लिप कुठल्या खाचेत अडकवली आहे, नीडल जेट (ती ज्यात फिरते तो), आणि मूठ फिरवली की वर उचलली जाते त्या स्लाइडचा कटअवे, म्हणजे खालच्या कडेचा काप. घरी जुळवलेल्या गाडीत यातली किमान एक गोष्ट वेगळी निघतेच. नंबर सारखे असले तरी झिजेकडे बघा. नीडलवर चमकदार पट्टा घासलेला असेल तर ती ज्या नीडल जेटमध्ये फिरत होती त्याचंही भोक लांबट झालं आहे, दोन्ही बदला. स्लाइड बॉडीत घालून हलवा. ती खडखड वाजत असेल तर तो कार्ब्युरेटर म्हातारा झाला आहे, कितीही ट्यून करा, आयडलिंग एका जागी राहणार नाही.

बाजारातल्या स्थानिक जेटवर नंबर असतो, पण भोक त्या नंबराचं असेलच याची हमी नाही. मेन जेट घ्याल तर दोन्ही बाजूंसाठी एकाच पाकिटातले, एकाच बनावटीचे घ्या. ओ-रिंग आणि पॅकिंग मात्र नवीच हवीत, आणि ती व्हायटॉनची (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराची) मिळाली तर उत्तम. जुनी साधी रबरं आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये फुगतात आणि मऊ पडतात. चोकच्या प्लंजरखालचं छोटं रबर विसरू नका. ते कडक झालं की चोक बंद असूनही पेट्रोल झिरपत राहतं, सिलेंडर कायम रिच राहतो, आणि लोक मेन जेट लहान करत सुटतात.

फ्लोट

कार्ब्युरेटर उलटा धरा, पॅकिंग काढलेलं असू द्या. वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची पट्टी पेट्रोल अडवणाऱ्या सुईला (ही वरची नीडल नव्हे) नुसती टेकली पाहिजे, सुईतली स्प्रिंग दाबली जाता कामा नये. तिथे कडेपासून फ्लोटपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. पट्टी किंचित वाकवूनच हे होतं. दोन्ही बाजूंत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नको. पेट्रोलची पातळी वर गेली की तो कार्ब्युरेटर आयडलिंगपासून फुल थ्रॉटलपर्यंत सगळीकडे रिच होतो, खाली गेली की सगळीकडे लीन, म्हणजे पेट्रोल कमी. म्हणूनच फ्लोट आधी, जेट नंतर.

केबल, स्लाइड आणि ऑइल पंप

स्लाइड बसवताना तिची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे असते. उलटी बसली तर गाडी सुरू होताच रेस घेते आणि उतरत नाही. म्हणून पहिली किक मारण्याआधी किल स्विच चालतो याची खात्री करून घ्या.

राजदूतच्या हँडलवरून एक केबल निघते आणि पुढे तिचे तीन फाटे होतात: दोन कार्ब्युरेटरना, तिसरा इंजिनाला ऑइल पुरवणाऱ्या ऑटोल्यूब पंपाला. फिल्टरची रबरं काढा म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडातून स्लाइड दिसतील. दोन कामं करायची आहेत. पहिलं: 2 मिमीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा दोन्ही स्लाइडखाली सारखाच अडकेल असे आयडलिंगचे स्क्रू लावा. नागदेवी स्ट्रीटला असे बिट जोडीने मिळतात, दोन एकदम वापरले तर फरक लगेच जाणवतो. दुसरं: ॲक्सिलरेटर अगदी हळू फिरवा, दोन्ही हातांची बोटं स्लाइडवर ठेवणारा सोबती असेल तर बरं. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. एक आधी हलली तर तिच्या केबलचा ॲडजस्टर थोडा आत घ्या. शेवटी पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन दोन्ही स्लाइड तोंडातून पूर्ण वर जातात का ते चाचपा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवूनही बघा, केबल ओढली जाऊन रेस वाढता कामा नये.

कार्ब्युरेटरच्या केबल बदलल्या की पंपाची केबलही पुन्हा लावावी लागते. ढिलाई संपताच पंपाच्या चाकावरची खूण पिनसमोर आली पाहिजे, नेमकी कशी ते मॅन्युअलमधल्या चित्रात असतं. ही पायरी सर्रास राहून जाते. पंप मागे राहिला तर इंजिनाला ऑइल कमी पडतं आणि ते धुरावरून पटकन कळतही नाही.

घरी गाडी बांधणाऱ्यांपैकी बरेच जण पंप काढून टाकतात आणि टाकीतच 2टी ऑइल मिसळतात. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली. माझं मत विचाराल तर पंप ठीक असेल तर राहू द्या. मिसळायचंच असेल तर एक लक्षात ठेवा: जास्त ऑइल म्हणजे जेटमधून तेवढं कमी पेट्रोल, म्हणजे मिश्रण लीन. ऑइल वाढवून इंजिन सुरक्षित केलं असं वाटतं, आणि जेट मात्र तसाच राहतो.

आयडलिंग

गाडी उघड्यावर घ्या, बंद पार्किंगमध्ये नको. दोन-तीन किलोमीटर चालवून इंजिन गरम करा. थंड इंजिनवर केलेलं आयडलिंग गरम झाल्यावर उपयोगाचं नसतं.

या मिकुनीचा बाजूचा स्क्रू एअर स्क्रू आहे, तो हवा सोडतो. आत घेतला की हवा कमी, मिश्रण रिच. बाहेर काढला की लीन. अनेक नव्या गाड्यांत इंजिनाकडच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो आणि त्याचं सगळं उलट असतं, त्यामुळे तिथली सवय इथे आणू नका. दोन्ही एअर स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत घ्या आणि दीड फेरी बाहेर काढा. जोराने आवळले तर टोकाला खाच पडते.

आता एका बाजूचा एअर स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवा आणि इंजिन सगळ्यात जास्त आरपीएम घेतं ती जागा शोधा. प्रत्येक बदलानंतर थोडा वेळ द्या, इंजिन लगेच सांगत नाही. मग दुसरी बाजू. आरपीएम वाढले की दोन्ही आयडलिंग स्क्रू सारखेच ढिले करत साधारण 1,200 वर आणा. सगळ्यात चांगली जागा अर्ध्या फेरीच्या आत सापडत असेल तर पायलट जेट लहान आहे. अडीच-तीन फेऱ्यांच्या पुढे सापडत असेल तर मोठा आहे.

दोन्ही सायलेन्सरच्या मागे थोड्या अंतरावर तळवे धरा. दोन्हींकडून येणारे ठोके सारख्या जोराचे वाटले पाहिजेत. पूर्वीचे मिस्त्री एवढ्यावरच आयडलिंग जुळवायचे आणि ते चुकत नसत. एका सिलेंडरवर इंजिन चालवून बघायचं असेल तर दुसऱ्याची प्लग कॅप नुसती हवेत सोडू नका, तिच्यात जादा प्लग घालून तो इंजिनाला टेकवून ठेवा. नाहीतर कॉइल जाते.

चालवून बघणं

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर चिकटपट्टी लावा, शेजारच्या भागावर एक रेघ मारा, आणि पट्टीवर शून्य, एक चतुर्थांश, अर्धा, तीन चतुर्थांश आणि पूर्ण अशा खुणा करा. दोष कुठे आहे ते या खुणा सांगतात. एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून एक चतुर्थांशापर्यंत स्लाइडचा कटअवे, पुढे तीन चतुर्थांशापर्यंत नीडल, आणि त्यानंतर मेन जेट. हद्दी काटेकोर नाहीत, एकमेकांत मिसळतात, पण नवशिक्याला एवढा नकाशा पुरतो. गाडीचा वेग किती आणि आरपीएम किती यावर हे ठरत नाही, मूठ किती फिरली यावर ठरतं.

लीनची लक्षणं: मूठ सोडली तरी रेस हळूहळू खाली येते, एकसारख्या वेगात गाडी मागे-पुढे हिसके देते, कार्ब्युरेटरमधून खोकल्यासारखा आवाज येतो, चोक किंचित लावला की बरी चालते. रिचची: आवाज जाड आणि अडखळता होतो, इंजिन एकाआड एक पेट घेतं, पिकअप मिळत नाही, प्लग ओला आणि काळा.

नीडल वर उचलायची म्हणजे क्लिप खालच्या खाचेत. त्याने रिच होतं. लोक हे उलटं करतात, कारण क्लिप खाली म्हणजे नीडल खाली असं वाटतं. दोन्ही बाजूंना सारखंच बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा, मग पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मेन जेटची पंचाईत अशी की मुंबईत तो तपासायला जागाच नाही. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला बंदी. पाम बीच रोडवर वेगमर्यादा आहे आणि कॅमेरेही. शहरात ही गाडी दिवसभर एक चतुर्थांश मुठीच्या आत फिरते, त्यामुळे मेहनत पायलट, कटअवे आणि नीडलवर घ्या. मेन जेट मुद्दाम एक नंबर मोठा ठेवा. वरच्या टोकाला गाडी थोडी जड वाटेल, पण पनवेलच्या पुढे जुन्या पुणे रस्त्यावर तुम्ही एखाद दिवशी मूठ पूर्ण पिळणारच आहात, आणि टू-स्ट्रोक लीन असताना फुल थ्रॉटलवर पिस्टन वितळायला फार वेळ लागत नाही. अचूक जेट हवा असेल तर डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) असलेल्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या दिवसाचे पैसे मोजा.

प्लगचा रंग बघायचाच असेल तर फुल थ्रॉटलवर काही सेकंद चालवून क्लच दाबा, त्याच क्षणी किल स्विच मारा आणि मग प्लग काढा. घरापर्यंत आयडलिंगवर आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगचीच हकीकत सांगतो. जुनी मंडळी कॉफीचा रंग शोधायला सांगतात. ती शिकवण शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली. ते पेट्रोल 2000 साली बंद झालं, आणि आजच्या पेट्रोलवर प्लग बराच फिकट राहतो. वरचा रंग सोडा, चिनी मातीच्या अगदी तळाशी असलेली कडा बघा. तिथे फिकट तपकिरी वर्तुळ असेल तर ठीक. पूर्ण पांढरी असेल, किंवा तिच्यावर ॲल्युमिनियमचे चकाकते ठिपके असतील, तर गाडी तिथेच उभी करा.

प्लग एनजीकेचा बी8एचएस. ट्रॅफिकमध्ये तो सारखा ओला होत असेल तर शहरापुरता बी7एचएस चालेल, पण हायवेला निघताना 8 परत लावा. 7 जास्त गरम राहतो.

इथेनॉल, घाट आणि पावसाळा

या गाडीचे मूळ जेट शुद्ध पेट्रोलसाठी ठरवले गेले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या जेटवर गाडी सात-आठ टक्के लीन धावते. इतर सगळं ठीक असूनही सगळीकडे किंचित लीन वाटत असेल तर कारण बहुधा हेच. मेन जेट एक-दोन नंबर वर, नीडल एक खाच वर, एवढ्यात काम भागतं. पायलट सहसा एअर स्क्रूवर निभावतो.

लोणावळ्याला चढलात तर सुमारे 600 मीटरवर हवा विरळ होते आणि गाडी जरा रिच वागते. तेवढ्यासाठी जेट बदलू नका. उलट घाट उतरताना मूठ पूर्ण बंद ठेवून इंजिनावर गाडी रोखू नका, त्या वेळी इंजिनाला ऑइल अगदी कमी मिळतं. अधूनमधून मूठ थोडी उघडा.

मूळ फिल्टर बॉक्स काढून लावलेले ते गोल पॉड फिल्टर दिसायला झकास असतात, आणि जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीत भिजून गच्च होतात. शिवाय ते लावले की सगळे जेट नव्याने शोधावे लागतात. पहिलीच गाडी बांधत असाल तर मूळ बॉक्सच ठेवा.

पावसाळ्यात गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करा आणि दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी वाटीच्या तळाशी बसतं आणि तिथून थेट पायलट जेटकडे जातं. टाकी मात्र काठोकाठ भरून ठेवा, आत दमट हवेला जागा राहिली की गंज धरतो. पुन्हा सुरू करायच्या दिवशी कॉक उघडून मिनिटभर थांबा आणि दोन्ही ओव्हरफ्लोच्या नळ्या कोरड्या आहेत का ते बघा, मगच किक मारा.